अक्काची एक घंटी

धारहून सकाळी सहाची इंदूरची गाडी मी धरली, त्यामागील कारण प्रथम नमूद करतो. माझी थोरली बहीण अक्का देवासला राहते. दोघांकडे मोबाइल आल्यावर पत्रे बंद पडली आणि मी एक नियम घालून दिला. रोज दिवेलागणीला अक्काने मिस कॉल द्यावा. एक घंटी म्हणजे सर्व कुशल, लागोपाठ दोन म्हणजे निघून ये. उचलण्याचे कारण नाही. कचेरीच्या आवारात वीस वर्षे मी लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे, मोजके लिहिणे ही माझी ख्याती आहे. येथे तर एकाही शब्दाची गरज उरली नव्हती. परंतु दोन दिवस घंटी आली नाही. मी लावला, तर फोन बंद.

घाटाबिल्लोदपर्यंत दुतर्फा सोयाबीन पिवळे पडू लागले होते. शेजारचा गृहस्थ अखंड फोनवर बोलत होता. मध्येच माझ्या हातातील मोबाइल पाहून म्हणाला, "भिया (दादा), कब से हाथ में लेके बैठे हो। बात नी करो किसी से?"

"घंटी की राह देख रहा हूँ," मी म्हणालो.

"घंटी की? आदमी की नी?" असे म्हणून तो हसला.

इंदूरला पोहे अर्धे टाकून उठलो आणि घाईत चुकून उज्जैनच्या गाडीत चढलो. कंडक्टरने खाली उतरवले. अखेर देवासची टेकडी दिसली, तेव्हा ऊन चढले होते.

अक्का ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिला जिवंत पाहून मी पायरीवरच टेकलो. मला पाहताच तिचे ओठ हलले, एका बाजूला ओढले गेले. घशातून नुसती घरघर आली.

तिची सून नीलिमा धावत बाहेर आली. "मामा, होळीनंतर लकव्याचा झटका आला न त्यांना. तेव्हापासून बोलणं बंदच आहे."

"आणि मला कळवले नाही?"

"त्यांनीच हातानं मना केलं. रोज घंटी मात्र स्वतः द्यायच्या, कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. परवा मोबाइल बादलीत पडला, म्हणून दुरुस्तीला दिलाय."

होळीपासून भाद्रपदापर्यंत मी रोज 'कुशल' ऐकत आलो होतो.

"अक्का, दोन घंट्या का नाही दिल्यास?"

तिने हवेत लेखणी चालवून दाखवली, म्हणजे तुझी कामे अडली असती. आणि तांदळाचे सूप बाजूला सारून मला जवळ बसवले. त्या दुपारी तिने डाव्या हाताने मला वरण-भात वाढला. भाताचा ढीग लहानपणीसारखाच, फार मोठा.

परतीच्या गाडीत मी आठवू लागलो. पक्षकारांच्या तारखा मला तोंडपाठ असतात. पण अक्काने मला शेवटचे 'भाऊ' म्हटले ते कधी, काही केल्या आठवेना. तिचा आवाज कानात आणू गेलो, तर घंटीच वाजे.

दुसऱ्या दिवशी अक्काचा मोबाइल दुरुस्त होऊन आला आणि दिवेलागणीला माझा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे श्वास होता. मी दिवसभराचे सांगू लागलो: आज कोण आले, पाऊस कसा पडला, कचोरी कशी तिखट होती. सांगण्यासारखे संपले, तसा गप्प झालो.

पलीकडून तिने नखाने फोनवर दोनदा टकटक केली. दोन म्हणजे ये. मी पुढे सांगू लागलो.