आहेरांच्या बंगल्यातलं पहिलं दूध

वाल्मीक पगारच्या कमरेला चाव्यांचा जो जुडगा लटकत असे, तो पाहून गंगापूर रोडला नव्याने आलेल्या माणसाला वाटावं, हा इथला कोणी मोठा जमीनदार. चालताना तो जुडगा असा खुळखुळायचा की बंगल्यांतली कुत्री त्याला आवाजावरूनच ओळखायची आणि भुंकायचे कष्ट घ्यायची नाहीत. चार बेडरूमचे, गच्चीत झोपाळा असलेले, दारात हिरवळ राखलेले बंगले त्याच्या कमरेला टांगलेले असत. आणि तो स्वतः राहायचा मखमलाबाद नाक्यामागच्या दोन खोल्यांत, जिथे मोरी आणि स्वयंपाक यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता.

सटाण्याकडून तो नाशकात आला तेव्हा त्याला घरं दाखवायची नव्हती. नव्वद सालानंतर त्याने कॅनॉलजवळ एसटीडी बूथ टाकला. तेव्हा गंगापूर रोडला द्राक्षबागा जास्त आणि माणसं कमी. बूथला काचेचं दार होतं, पण काच आवाज अडवत नाही हे आत बोलणाऱ्याला कुठे कळायचं? कोणाची बदली झाली, कोणाची सासू जिने चढायला तयार नाही, कोणाची बायको माहेरी गेली ती अजून का आली नाही, सगळं वाल्मीकच्या कानावर पडत असे. एकदा एका कंपनीवाल्या साहेबाला त्याने सहज सांगितलं, की समोरच्या प्रोफेसरांचा वरचा मजला रिकामा होतोय. प्रोफेसरांनी ते अजून स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यावरून त्या घरात आठवडाभर अबोला झाला, पण मजला भाड्याने गेला आणि वाल्मीक एजंट झाला. पुढे खिशाखिशात मोबाइल आले, बूथ बंद पडला, एजंट उरला.

दोन हजार चारचा उन्हाळा येईपर्यंत त्याचे गुडघे गेले होते आणि घरांवरचा विश्वासही. तीच जुनी एम-एट्टी गाडी, तेच जिने, तीच वाक्यं. "पाण्याचा काही प्रश्न नाही." "शेजार एकदम शांत." "किचन वास्तुप्रमाणे." शेजारी पिठाची गिरणी घरघरत असली तरी तो हे म्हणायचा आणि घर बघायला आलेली पार्टीही ऐकल्यासारखं करायची, कारण शाळा सुरू व्हायच्या आत चांगलं घर मिळवायचं तर फार कान देऊन चालत नसे. अंबड-सातपूरच्या कंपन्यांत नवे साहेब उतरत होते, डॉक्टर येत होते, विंचूरच्या वाइन पार्कमुळे आणखी कोणी कोणी चकचकीत लोक येत होते. सगळ्यांना एकच हवं असायचं: स्वतंत्र बंगला, गंगापूर रोडलाच. बंगले मोजके. सकाळी दाखवलेलं घर संध्याकाळी दुसऱ्याने टोकन देऊन उचललेलं असायचं.

वाल्मीकच्या बायकोचं नाव नवसाबाई. मुलगी मालेगावला देऊन झाली होती. घरात ही दोघंच. एजंटाला घरमालक जास्त दिवस ठेवून घेत नाहीत, त्यांना वाटतं हा आपलीच जागा दुसऱ्याला दाखवेल. शंका अगदीच खोटी नव्हती. त्यामुळे अकरा महिन्यांचा करार संपला की यांचं बिऱ्हाड निघायचं. सुरुवातीच्या घरांत नवसाबाईने रीतीप्रमाणे दूध उतू घातलं. नव्या चुलीवर पहिल्यांदा दूध ठेवायचं, पूर्वेकडून उतू जाऊ द्यायचं, म्हणजे घर भरलेलं राहतं. पुढेपुढे तिने ते सोडून दिलं. "घर भरून काय करू?" ती म्हणायची. "भरलं की बांधायलाच लागतं."

त्या वर्षीही मेअखेर जागा सोडायची होती. नवसाबाईने भांडण वगैरे केलं नाही. कांदा चिरता चिरता ती म्हणाली, "ह्या वेळेला मी गाठोडं एकदाच बांधणार. ते सटाण्याला भावाकडं जाईल. तुम्ही कुठं राहायचं ते तुम्ही बघा. तुमच्याकडं चाव्या हेत."

वाल्मीकला ठाऊक होतं, ही बाई दोनदा बोलत नाही.

आता आहेरांचा बंगला. विंचूरचे कांदाव्यापारी सावळीराम आहेर यांनी तो बांधला तेव्हा गंगापूर रोड बघायला यायचा. खाली पांढरं मार्बल, खोलीखोलीत इंटरकॉम, बाथरूममध्ये टब. त्या टबात आजवर कोणी आंघोळ केली नव्हती. मागच्या वर्षी सावळीरामांच्या पुतण्याने त्यात द्राक्षाच्या काड्या भिजत घातल्या होत्या, तेवढाच त्याचा उपयोग. बंगला अमेरिकेतल्या मुलासाठी होता. मुलगा दर दिवाळीला 'पुढच्या दिवाळीला' म्हणत असे. वास्तुशांतीला अख्खं विंचूर जेवून गेलं, पण स्वयंपाक मांडवात झाला. आतल्या ओट्यावर दूध उतू घालायचं चतुराबाईने, सावळीरामांच्या बायकोने, मागे ठेवलं. सून येईल, तिच्या हातून होईल. चार वर्षं त्या ओट्याला दुधाचा थेंब लागला नव्हता. शेवटी सावळीराम म्हणाले, बंद घराला वाळवी लागते, भाड्याने देऊन टाक.

चतुराबाई तयार झाली, पण भाडेकरीण मी बघून ठरवीन म्हणाली. आणि तिने बघायला सुरुवात केली, ती सोयरीक जुळवल्यासारखी. एकीने चपला घालून स्वयंपाकघरात पाय ठेवला, गेली. एकीने बाथटबचं कौतुक जास्त केलं आणि देवघराकडे पाहिलंच नाही, गेली. एकीने कुत्रं कुठे बांधायचं विचारलं. "पाठी दोन खोल्या हेत, तिथं माणूस बी राहील एवढी जागा हे, आन ही कुत्रं बांधती," असं चतुराबाई विंचूरला जाऊन आठवडाभर सांगत होती. चावी मात्र तिने वाल्मीककडे ठेवली होती. "मी पास केल्याबिगर कोनाला एकट्याला आत सोडायचं नाय," एवढं बजावून.

त्या बंगल्यावर किशोरचाही डोळा होता. हा किशोर पूर्वी वाल्मीकच्या बूथवर फोन करायला यायचा, तिथेच धंदा शिकला. आता त्याच्याकडे मारुती होती आणि छापील कार्ड. "वाल्मीककाका, तुम्ही आता आराम करा," तो भेटेल तिथे म्हणायचा. "एवढ्या चाव्यांच्या वजनाने कंबर वाकली तुमची."

"वाकली म्हणून तुझी उंची वाढली नाही रे," वाल्मीक म्हणायचा. पण बंगला हातचा गेला तर गंगापूर रोडला आपल्याला कोणी विचारणार नाही, हे त्यालाही कळत होतं.

वाल्मीककडे पार्टी होती भामऱ्यांची. सुनील भामरे अंबडच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर बदलून आलेला. बायको तृप्ती, दोन मुलं आणि आई अंबूबाई. महिनाभर गेस्ट हाउसमध्ये राहून पाचही जण एकमेकांना कंटाळले होते. तृप्तीने पाहिलेली घरं एकामागून एक दुसऱ्यांनी उचलली होती. आहेरांचा बंगला तिने फाटकातून पाहिला आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसली. आवडलं की माणसं बोलत नाहीत, हे वाल्मीकला अनुभवाने माहीत होतं.

अंबूबाई मात्र बोलली. कमरेचा जुडगा बघत तिने विचारलं, "तू कोन गावना शे रे भाऊ?"

कित्येक वर्षांत वाल्मीकला कोणी अहिराणीत हाक मारली नव्हती. नवसाबाईसुद्धा नाशकात आल्यापासून नाशिककरांसारखं बोलू लागली होती. "सटाणाना शे, माय," तो म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज त्याला जरा ओळखीचा वाटला.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी म्हातारी एकटी रिक्षा करून त्याच्या दारात उभी. हातात फुगलेली कापडी पिशवी. "चावी दे भाऊ. पडदास्नं माप लेवानं शे."

चतुराबाईने बजावलेलं त्याला आठवलं. पण आखाजीचा दिवस. खानदेशातल्या बाईला या दिवशी माहेर आठवतं. ही त्याच्या दारात उभी होती आणि त्याच्या आईसारखं बोलत होती. शिवाय गुडघा सुजला होता, सोबत जायचा जीव होत नव्हता. त्याने जुडग्यातून चावी काढून दिली. पडदे मोजायला टेप लागतो आणि टेपची पिशवी एवढी फुगत नाही, हे त्याच्या लक्षात आलं, ती रिक्षा वळल्यावर. तसाच तो एम-एट्टीला किक मारत निघाला.

पिशवीत होता वातीचा स्टोव्ह, पातेलं आणि दूध.

अंबूबाईचं गणित सरळ होतं. एवढी घरं हातातोंडाशी येऊन गेली, ती मुहूर्त न साधल्यामुळे. आज अख्खा दिवस मुहूर्त. एकदा दूध उतू गेलं की घर आपलं; मग मालक कोण, एजंट कोण, ह्या पुढच्या गोष्टी. तृप्तीलाही तिने तिथेच बोलावून घेतलं होतं. वाल्मीक पोचला तेव्हा त्या काळ्या चकचकीत ओट्यावर दूध फेसाळून पूर्वेला चाललं होतं, म्हातारी हात जोडून उभी होती आणि तृप्ती खिडकीकडे तोंड करून, जणू ही बाई आपल्या ओळखीची नाही.

"माय, हे काय करून ठेवलं?"

"व्हई गयं," अंबूबाई समाधानाने म्हणाली.

नेमकी तेव्हाच फाटकाशी मारुती थांबली. चतुराबाई सणासुदीलाही एसटीनेच नाशकात यायची. किशोर सकाळपासून द्वारका चौकातल्या एसटी थांब्यावर तिची वाट बघत उभा राहिला होता आणि तिला गाडीत घालून घेऊन आला होता. त्याची डॉक्टरची पार्टी दुपारी येणार होती. चतुराबाईच्या हातात आंब्यांची पाटी होती. दारातच करपलेल्या दुधाचा आणि रॉकेलचा वास आला.

ती आत आली. ओट्याकडे तिने बराच वेळ पाहिलं. ओट्यावरून ओघळलेलं दूध थेंबाथेंबाने खालच्या मार्बलवर पडत होतं.

किशोर बोलला. "मामी, ही चोरीच झाली. कुलूप उघडून घुसलेत हे लोक. मी म्हणत होतो तुम्हाला, पार्टी बघून घ्या. पोलिसांत दिलं पाहिजे."

तृप्तीचा चेहरा पडला. "आई, चला," ती हळूच म्हणाली.

वाल्मीकच्या जिभेवर नेहमीची वाक्यं येऊन थांबली. चावी हरवली होती, म्हणता आलं असतं. म्हातारीने परस्पर नेली, असंही. बारा-तेरा वर्षं तो अशी वाक्यं रोजच बोलत आला होता, एखादं आणखी जड नव्हतं. पण त्या दिवशी त्याला खोटं बोलायचा कंटाळा आला. तो सरळ मार्बलवर बसला. गुडघा लांब केला.

"चावी मी दिली, चतुराबाई. तुम्ही नको म्हणाला होता, तरी दिली. सोबत यायचा कंटाळा केला. ह्यांचा दोष नाही. बंगला तुम्ही किशोरकडं द्या."

"तू का दिली?"

"माझ्या बोलीत मागितली."

चतुराबाईने त्याच्याकडे पाहिलं, मग अंबूबाईकडे. "तुमाला माहीत हाय का बाई, ह्या घरात हे पैलं दूध होतं? माझ्या सुनंसाठी चार वर्सं ठेवलं होतं मी."

अंबूबाईचे जोडलेले हात सुटले. "नव्हतं माहीत, बाई," ती शुद्ध मराठीत म्हणाली. भीतीने तिची अहिराणी पळाली होती.

चतुराबाईने आंब्यांची पाटी ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि फडकं मागितलं. तृप्ती धावली, पण ते सांडलेलं दूध चतुराबाईने स्वतःच पुसलं. पुसता पुसता ओट्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "ती काय येत नाय आता. मला बी कळतं. ह्यांना कळत नाय." मग जरा मोठ्याने, "दूध उतू गेलेल्या घरातून बाईला काढत नाय आमच्यात. राहा. आंबे धुवून घ्या, आज सण हे."

"मामी, माझी डॉक्टरची पार्टी दुपारी—" किशोर म्हणाला.

"त्यांना चा पाज कुठंतरी." आणि वाल्मीककडे वळून, "तुझ्या हातात चावी ठेवनं काय खरं नाय. तू कुठं राहतो?"

"नाक्यामागं. मेअखेरपर्यंत. मग बघू."

"बायको?"

"ती सटाण्याला चालली. कायमची." हेही त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

चतुराबाईने पिळलेलं फडकं झटकलं. "पाठीमागच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. तुझ्या बायकूला आण तिथं. चावी तिच्याकडं राहील, तुझ्याकडं नाय. बाग झाडायची, घरावर नजर ठेवायची. कबूल आसंल तर बोल."

"किती महिन्यांसाठी?"

"महिने कसले मोजतो? मी जिती हाय तवर."

कुत्रं बांधायच्या म्हणून हसू झालेल्या त्याच खोल्या त्या. गंगापूर रोडच्या एजंटाने दुसऱ्याला भाड्याने दिलेल्या बंगल्यामागे झाडलोट करत राहायचं, हे ऐकून किशोर गालातल्या गालात हसलाच. वाल्मीकलाही ते लागलं. पण लागून घ्यायलाही अंगात जोर लागतो.

घरी येऊन त्याने नवसाबाईला सगळं सांगितलं. झाडलोटीचं शेवटी, हळू आवाजात.

"मोरी वेगळी हे का?" तिने विचारलं.

"हे. दार आहे तिला."

"आन चावी माझ्याकडं?"

"तुझ्याकडं."

गाठोडं बांधलं गेलं, पण सटाण्याची एसटी काही त्याने बघितली नाही. किशोरने मात्र अख्ख्या गंगापूर रोडला जाहीर करून टाकलं, की वाल्मीककाका आहेरांच्या बंगल्यात राहायला गेले. चेष्टा म्हणून सांगायला गेला आणि निम्म्या लोकांनी ते खरंच धरलं. काहीजण तर आदराने बोलू लागले. वाल्मीकने कोणालाच दुरुस्त केलं नाही. रेशनकार्डावर पत्ता तर तोच लागला होता.

मागच्या खोल्यांतल्या पहिल्या सकाळी तो बाहेर पायरीवर बसला होता. पुढच्या बंगल्यात मुलं भांडत होती आणि अंबूबाई त्यांना आपल्या बोलीत रागवत होती. आत नवसाबाईने गॅसवर पातेलं ठेवलेलं त्याला दिसलं. ती समोर उभी होती, हातात चिमटा, आणि नजर दुधावर. दूध वर येत होतं. सवयीने त्याच्या तोंडात आलं, "अगं, दूध." पण तो बोलला नाही. गुडघा चोळत बसून राहिला.