लांडग्याचा वाटा आणि आमची कुत्री

मंडळी, आज दुपारी टीव्हीवर आफ्रिकेतला, इथिओपियातला उंच राखीव डोंगर दाखवला. तिथला तांबडा लांडगा उंदरांवर जगतो, मेंढरांना सहसा छळत नाही. तरी मेंढपाळांची पिसाळलेली कुत्री चावून तो मरतो.

मला आमचीच कुत्री आठवली. आमच्या माळावर लांडगीण व्याली आहे. कळपातलं एखादं कोकरू तिचा वाटा, असं आम्ही धनगर मानतो.

लेकाला विचारलं, "आपल्या कुत्र्यांना पिसाळू नये म्हणून द्यायची सुई खरंच दिली ना?"

"न्हाई, आबा. तुमी रोज डोकं खाऊन राहिले, म्हणून दिली म्हणलो."

पोळ्यापासून मी त्याच्या शब्दावर निर्धास्त झोपत होतो.

लांडगीण कोकरू नेते, पण उघड नेते. घरातल्यानेच असं फसवलं, तर तुम्ही पुन्हा विश्वास कसा ठेवता?