तारा नसलेली विमानं

चूक माझी होती, आणि ती मी वीसेक मुलांसमोर केली.

जपानमधल्या ओजिमाच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक जपानी आजोबा राहतात, नव्वदीला टेकलेले. वसाहतीच्या हॉलमध्ये ते दर उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, मुलांना युद्धातली आठवण सांगत. किनाऱ्यावरचं छोटं स्टेशन, मोठ्या बहिणीने धरलेला हात, आणि समुद्रावरून खाली झेपावलेली विमानं. बहीण तिथेच गेली. "त्यांच्यावर अमेरिकेचा तारा नव्हता," ते दरवेळी सांगत. "पांढरा गोल होता. ब्रिटिश होती ती."

मला विमानांची मॉडेल्स जोडायचा नाद. त्यापायी ब्रिटिश नौदलाच्या एका लढाऊ तुकडीचा इतिहास मी दोन वर्षं गोळा करत होतो. विमानवाहू जहाजावरून उडणारी ही तुकडी युद्धाच्या अखेरीस जपानवर आली होती. त्या भागात ब्रिटिश आले असलेच तर तेच, असं मी धरून चाललो होतो. मी बनवलेल्या तुकडीच्या मोहिमांच्या तक्त्यात, आजोबा सांगत त्या तारखेपुढे दूरच्या एका विमानतळाचं नाव होतं. एका उन्हाळ्यात हॉलमध्ये त्यांचं बोलणं चालू असतानाच मी उभा राहिलो.

"ब्रिटिश विमानं त्या दिवशी तिथे नव्हतीच. तुम्ही लहान होता, गफलत झाली असेल."

आजोबांनी हातातला टिपणांचा कागद घडी करून खिशात ठेवला. घरी येताना माझी मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, तू होतास का तिथे?"

पुढच्या उन्हाळ्यात ते हॉलमध्ये आलेच नाहीत. मला चैन पडेना. ऑफिसात डबा खाताखाता त्याच फायली पुन्हा उघडायचो. कचऱ्याच्या दिवशी बाटल्यांची पिशवी घेऊन खाली रेंगाळायचो. आजोबा दिसले की मला विमानांचे मास्तर ठरवून म्हणत, "ओहायो, विमान-सेन्सेई! झाकणं वेगळी काढलीत का?" मी झाकणं काढत बसायचो. बोलायचं राहूनच जायचं.

मग तुकडीतल्या एका वैमानिकाच्या नोंदवहीची प्रत मिळाली. तीच तारीख. ढगांमुळे विमानतळ दिसला नाही, परतताना किनाऱ्यावरच्या स्टेशनवर गोळीबार केला. स्टेशनचं नावही होतं, आजोबा सांगत तेच. तक्त्यात फक्त निघतानाचा हुकूम उतरला होता.

तो कागद तीन आठवडे माझ्या बॅगेत पडून होता. शेवटी बेल वाजवली आणि दारातच त्यांना तो वाचून दाखवला. त्यांनी स्टेशनचं नाव दोनदा वाचायला लावलं. मी वाकून माफी मागायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

"इथे नको. तेव्हा मुलं होती ना समोर?"

या ऑगस्टमध्ये हॉलमध्ये आधी मी उभा राहिलो. मुलांना सांगितलं, की आजोबांनी पाहिलं होतं आणि मी नुसतं वाचलं होतं, तेही अर्धवट. मग त्यांच्याकडे वळलो.

"तुमची बहीण तुमच्या हातातून गेली, आणि मी तुम्हालाच खोटं पाडलं. मला क्षमा करा."