वीस जिल्हे आणि एक निळा शेला

जयगावच्या बाजारातली रंगीत कमान ओलांडली की भूतानची हद्द सुरू होते. कुर्ला टर्मिनसहून निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही तिथे पोचलो. आम्ही राज्यशास्त्राचे चौदा विद्यार्थी होतो आणि सोबत आमच्या मॅडम. सहलीआधी प्रत्येकाला एक विषय दिला होता. माझा विषय होता, भूतानचे जिल्हे आणि त्यांचा कारभार.

"तुला जिल्हाच मिळणार रे," मुलुंडचा तेजस म्हणाला. "फाइल घेऊन फिरतोस ना सगळीकडे."

ती फाइल माझ्या जातवैधतेच्या अर्जाची होती. माझा प्रवेश तात्पुरता होता. तो पक्का व्हायला महिन्याच्या आत आजोबांचा जुना पुरावा द्यायचा होता. मी जन्मलो, वाढलो ते घाटकोपरच्या डोंगरावर, पण अर्जात मूळ जिल्हा विचारतात. आमचं गाव आज जालना जिल्ह्यात आहे. आजोबा शाळेत होते तेव्हा ते औरंगाबाद जिल्ह्यात होतं. म्हणून मी सहलीला निघालो त्याच आठवड्यात बाबा मरोळच्या कारखान्यातून रजा काढून गावी गेले होते, शाळेचं जुनं रजिस्टर शोधायला. ते सापडलं नाही तर माझं कॉलेज सुटणार होतं. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मीच पहिला.

फुंत्शोलिंगला परवान्याच्या रांगेत आधार कार्ड चालेना. मी फाइलमधून मतदार ओळखपत्र काढून दिलं. तेजसला बॅगेच्या तळापर्यंत जावं लागलं. तेवढ्यापुरती मला फाइल आवडली.

पुढच्या प्रवासात पेमा नावाची गाइड सोबत होती, आमच्याच वयाची. आमचं बोलणं हिंदीत चाले. गाडी घाट चढू लागली आणि खालची साल-सागाची झाडं जाऊन पाइन दिसू लागले. मी वही काढली.

"वीस झोंगखाग (जिल्हे)," ती म्हणाली. "त्यात दोनशे पाच गेवोग (काही वाड्यांचा मिळून एक गट). गेवोगचा प्रमुख तो गुप. त्याच्याखाली चिवोग, म्हणजे वाड्या."

"आणि तू कुठली?" मी विचारलं.

तिने एका दमात सांगितलं. त्राशीयांगत्से जिल्हा, बुमदेलिंग गेवोग, मग वाडी, मग घराचा नंबर. अडखळली नाही, कशातही बघितलं नाही. मला तिचा हेवा वाटला. लिहायला जरा संकोच वाटतो, पण पुढचे चार दिवस तो हेवा गेलाच नाही. थिंफूत जेवताना वाटला, रस्त्यावरच्या शाळकरी मुलांकडे बघूनही वाटला. या सगळ्यांना आपला नंबर पाठ असणार, एवढंच मनात यायचं.

जेवणात एमा दात्शी (मिरच्या आणि चीजची भाजी) होती. पेमाने तिखट असते म्हणून आधीच सांगितलं.

"मालवणी माणसाक तिखट सांगता?" तेजस माझ्याकडे बघून म्हणाला आणि त्याने मोठा घास घेतला. मग बराच वेळ तो नुसता भात खात होता. "वाट लागली यार," शेवटी म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पुनाखाचा झोंग पाहिला. झोंग म्हणजे किल्ला. त्यात एका बाजूला मठ आणि दुसऱ्या बाजूला जिल्ह्याची कचेरी. दोन नद्यांच्या मधे उभी असलेली ती पांढरी भिंत पाहून माझ्या डोळ्यांसमोर आमच्याकडची कचेरी आली, टोकन घेऊन बसायचा बाक आला. असल्या कचेरीत मी रोज गेलो असतो.

सकाळी गारठा होता म्हणून मी गळ्यात निळा शेला गुंडाळला होता. आमच्या बौद्ध वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीला घालतो तोच. बाबांनी निघताना बॅगेत टाकला होता. लाकडी पूल ओलांडून दाराशी गेलो तर पहारेकऱ्याने हात आडवा केला आणि शेल्याकडे बोट दाखवलं.

पेमा धावत आली. "काढून ठेव. कचेरीत जाताना आमच्या पुरुषांना अंगावर शेला घ्यावाच लागतो, आणि त्याचा रंग हुद्द्याप्रमाणे असतो. साध्या माणसाचा पांढरा. निळा फक्त संसदेच्या सभासदांचा."

मी शेल्याची घडी घालू लागलो. "आमच्याकडे साधी माणसंच निळा घालतात," मी म्हणालो. "माझे बाबा, शेजारचे, सगळेच."

"सगळे?" ती हसली. "मग तुमची अख्खी वस्तीच संसदेत बसते म्हणायची."

तिने शेला हातात घेऊन बघितला आणि बराच वेळ परत दिला नाही.

बाहेर आल्यावर मी तिला फाइल दाखवली आणि तिचा हेवा वाटतो हेही सांगून टाकलं.

"माझा?" ती म्हणाली. "मी जन्मले थिंफूत. गावच्या त्या घरात एक रात्रही राहिले नाही. मतदानाला जायचं तर बसने दोन दिवस लागतात. घराण्याची नोंद तिकडची, म्हणून नाव तिकडे, मी इकडे."

"पण ते नाव तुझं नाही, असं कोणी म्हणत नाही ना?"

तिने फाइल मिटून परत दिली. "नाही. तसं कोणी म्हणत नाही."

परतीच्या वाटेवर छुझोमला गाडी थांबली. पारो आणि थिंफूकडून येणाऱ्या नद्या तिथे मिळतात. तिथे बाबांचा फोन आला.

"सापडलं रे. कपाटामागच्या गठ्ठ्यात होतं. तुझ्या आजोबांचं नाव स्पष्ट आहे, जातही आहे. पण जिल्हा औरंगाबाद लिहिलाय. चालेल ना?"

मला माहीत नव्हतं. "चालेल," मी म्हणालो. मागोमाग पानाचा फोटो आला. गाव, तालुका, जिल्हा, सगळं एका ओळीत. मी तो पेमाला दाखवला. तिला मराठी वाचता येत नव्हतं, तरी तिने ओळीवरून बोट फिरवलं.

मुंबईत आल्यावर मी त्या पानाची सत्यप्रत जोडून अर्ज दिला. जिल्हा मधे बदलल्याचा कागदही सोबत लावला. कचेरीतल्या बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली आणि शिक्का मारला. पुढे प्रमाणपत्र आलं, प्रवेश पक्का झाला.

मॅडमना अहवाल दिला तेव्हा त्यात वीस जिल्ह्यांची नावं बरोबर होती. हेव्याचं काही लिहिलं नाही. तो अजून थोडा आहे. पेमाला गावी पोचायला दोन दिवस लागतात, पण तिचं नाव तिथे आधीपासून बसलेलं असतं. माझं नाव शोधायला बाबांना जावं लागलं.