उपास सोडायला येणार होतीस

एस्तेरच्या लेकीचा, जॉयसचा फोन आला तेव्हा मी वड्यांचं पीठ मळत होते. "मावशी, आई सकाळी वारली," म्हणाली. मी तिलाच ओरडले, "काहीतरी काय बोलतेस! आज जेवायला येणार आहे ती." ईस्टर झाला होता. उपास सोडायला माझ्याकडे येते, कोंबडी-वडे कर, असं एस्तेरने स्वतः सांगितलं होतं...

परळच्या चाळीत आमच्या खोल्या लागून. माझा गणपती, तिचा नाताळ, आणि फराळाचा डबा कधी रिकामा परत गेला नाही. तिचा नवरा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बाई उठत नाही. तर पुढच्याच रविवारी साडीला इस्त्री करून चर्चला निघाली, आणि परत आल्यावर कपडे धूत चक्क गात बसली. मी चिडले. "तुला रडू येत नाही गो?" "येतं की. पहाटे येशूपाशी रडून घेते, मग दिवसभर मोकळी." माझा मुलगा गेला तेव्हा याच बाईने मला हाताला धरून उठवलं, भरवलं. मी तिच्या चर्चची पायरी चढले नाही कधी, पण तिच्या त्या आनंदावर माझा पक्का भरवसा होता.

पुढे ती लेकीकडे कॉटन ग्रीनला राहायला गेली. तरी परळच्या हॉस्पिटलात पेशंटांसाठी प्रार्थना करायला यायची आणि तिथून माझ्याकडे. यंदा मात्र पानावर बसेना. "ईस्टरपर्यंत चाळीस दिवसांचा उपास आहे गो." आता उपासाच्या माणसाला आग्रह कोण करणार? आमच्यात पाप मानतात. मी वरीची पेज करायची, ती समोर बसून प्यायची, उरलेली मी तिच्या डब्यात घालून द्यायची. "किती वाळलीस!" म्हटलं तर खो खो हसायची. "आता तुझे ब्लाउज होतील मला."

दफनाच्या वेळी पाळक म्हणाले, आपल्या बहिणीने या आजारातही दर रविवारी उभं राहून देवाच्या कृपेची साक्ष दिली. मंडळी माना डोलावत होती. कसला आजार? पोटाचा कॅन्सर, वर्षभर! हॉस्पिटलातली पेशंट तीच. अख्ख्या चर्चला ठाऊक, आणि मी परक्यासारखी सगळ्यांची तोंडं बघत उभी. जॉयसला बाजूला घेतलं. ती रडत म्हणाली, "आई म्हणायची, एका घरात मी अजून आजारी नाहीये, तेवढं घर मला राहू दे. तुमची पेजसुद्धा टिकायची नाही मावशी, घरी येऊन ओकायची. तरी पुढच्या खेपेला डबा घेऊन निघायचीच."

लोक समजूत घालतात, मायेपोटी लपवलं. असेल. पण फसवलं ते फसवलंच, आणि तेही उपासाचं नाव सांगून. आधी वाटलं, मग ते हसूही नाटकच असणार. पण जॉयस सांगते, शेवटच्या पहाटेही गुणगुणत होती, हसू खरंच होतं. मग तर मला जास्तच राग येतो. हसू तेवढं माझ्या वाट्याला आणि रडू सगळं त्या येशूपाशी? माझ्यापाशी का नाही गं, भवाने? मी रडले नव्हते तुझ्यापाशी?

तिचा डबा शेवटच्या खेपेपासून माझ्याकडेच राहिलाय, झाकणावर नाव घातलेला. जॉयस न्यायला आली होती, मी दिला नाही. रिकामा कसा देऊ? परवा रविवारी कोंबडी-वडे केले, डबा काठोकाठ भरला आणि पुढ्यात घेऊन बसले. चर्च सुटायची वेळ टळून गेली. वडे गार झाले, तरी झाकण लावायला हात होईना.

"खोटारडे," म्हटलं, "उपास सोडायला येणार होतीस ना?"