रांगेतले पहिले

गिडियन पास्क सतराव्या वर्षी इंग्रजांच्या पलटणीत आले. वडील खेड्यातले पाद्री. मुलाला सगळ्यांत खालचा हुद्दा विकत घेऊन दिला आणि त्यांची ऐपत संपली. पुढे चढायला दोनच वाटा होत्या. पैसे टाकून वरची जागा घ्यायची, नाहीतर वरचा कुणी मरायची वाट पाहायची. मेलेल्याची जागा रांगेतल्या पहिल्याला फुकट मिळे. म्हणून जेवणाच्या मेजावर सगळे हसत प्याले उंचावत, "लढाई होवो, साथ येवो!" पास्कही उंचावत.

चाळिशी उलटली तरी ते लेफ्टनंटच. पलटण तेव्हा जिब्राल्टरच्या खडकावर होती; पुढे समुद्र, मागे स्पेनचे पहारे. बायकोने, हेस्टरने, त्यांचा लाल कोट उसवून आतली बाजू बाहेर काढून शिवला होता. तीही विटली. "आता तिसरी बाजू कुठून आणू?" ती म्हणे.

त्या उन्हाळ्यात कॅप्टन लॉवेल तापाने अंथरुणाला खिळले. रांगेत पहिले पास्क. हेस्टर रोज बार्लीची पेज नेऊन देई, उशाशी प्रार्थना करी.

"अहो, मागते त्यांचं आयुष्य आणि मनात येते तुमची बढती," ती म्हणाली. "जीभच अडखळते."

एका दुपारी लॉवेलनी पास्कना बोलावलं. "कर्नलसाहेबांना सहीसाठी घेऊन ये. जिवंत आहे तोवर हुद्दा विकतो, तो पैसेवाला पोरगा फॅनशॉ घेतोय. मेलो तर पैसे बुडाले. बायको नि मुली उघड्यावर पडतील."

"मलाच सांगताय, सर?"

"तुलाच. तू भला माणूस, म्हणून तर अजून लेफ्टनंट आहेस!" हसता हसता त्यांना ढास लागली.

पास्क उतारावर थबकले. कर्नल जेवायला बसलेले असणार. दाराबाहेर जरा ताटकळलं तर कोण दोष देणार? पण हेस्टरचा चेहरा आठवला आणि ते थेट आत शिरले. सही झाली. पहाटे लॉवेल गेले.

विशीतला फॅनशॉ कॅप्टन झाला. पहिल्याच जेवणाला म्हणाला, "पास्क काका, आता तुम्हीच सांभाळा मला!" मग प्याला उंचावला, "लढाई होवो, साथ येवो!"

पास्कनीही उंचावला. फॅनशॉचे गाल लाल दिसत होते. वाइनने की तापाने, हे आपण निरखून पाहतोय, असं त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी प्याला न पिताच खाली ठेवला.

घरी येऊन ते म्हणाले, "हेस्टर, आज प्रार्थनेत फॅनशॉचं नाव घे."

"का? आजारी आहे?"

"नाही, धडधाकट आहे," पास्क म्हणाले. "म्हणूनच घे."