रजईतली वंशावळ

रुईझूकाकूला लिहितावाचता येत नव्हतं. तरी फान कुळाची सव्वीस पिढ्यांची वंशावळ वाचवली ती तिनेच.

सहासष्ट साली चीनभर दंडावर लाल पट्ट्या बांधलेल्या तरुणांच्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. जुनं दिसेल ते अंगणात आणून जाळायचं. काकांनी वंशावळीच्या चोपड्या पूर्वजांच्या देवळातून घरी आणल्या खऱ्या, पण लपवायच्या कुठे ते सुचेना. काकूने चोपड्यांची शिवण उसवली, पानं कापसाच्या दोन थरांत पसरली आणि जाड रजई शिवून टाकली.

"कूस बदलली की वाजते गं ही," काका कुरकुरले.

"मग बदलू नका. पूर्वज अंगावर घेतलेत, जरा सरळ पडा."

टोळी आली. भिंती ठोकल्या, रजई उचलून फेकली, निघून गेली.

चौदा वर्षांनी वारं बदललं. तोवर काका वारले होते. कुळाने नवी वंशावळ छापायची ठरवली, तेव्हा काकूने रजई पूर्वजांच्या देवळात नेऊन सगळ्यांसमोर उसवली. म्हातारी माणसं ढसाढसा रडली. मी शाळामास्तर, म्हणून नवा मसुदा माझ्याकडे होता.

"माझं नाव दाखव," काकू म्हणाली.

मी चाचरत वाचलं. काकांच्या नावाशेजारी 'पत्नी, लियाओ घराण्याची'. खाली 'वंश खुंटला'.

काकूने मुलीचा, मेइछिनचा, हात धरून तिला पुढे ओढलं. "मग ही कोण? बाजारातून आणली?"

कुळाचे वडीलधारे पाओशेंगआजोबा म्हणाले, "सूनबाई, रीतच आहे. सुनेचं माहेर लिहितात, मुलींचं काही नाही."

"त्या वर्षीची रीत जाळायची होती. ती पाळली असती तर आज काय वाचलं असतंत?"

आजोबा लगेच बधले नाहीत. अख्खा हिवाळा गेला, तीन बैठका झाल्या. शेवटी सुना-मुलींची नावं घालायचं ठरलं. पण काकूला जुन्या, मेलेल्या सुनांचीही नावं हवी होती, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती. मग मला घेऊन ती त्यांच्या माहेरगावी पायी हिंडली. दोन वर्षांत एकोणीस नावं मिळाली.

एके ठिकाणी एका सुनेच्या ऐंशी वर्षांच्या बहिणीला एवढंच आठवलं, की त्या सुनेला घरी 'तिसरी' म्हणायचे. माझा हात थबकला.

"लिही," काकू म्हणाली. "हाक मारली की ती ओ देत होती ना?"

मी लिहिलं.